पहिल्या राइड्ससाठी रस्ता कसा निवडायचा? पुण्यात नव्याने सायकल चालवणाऱ्या बायकांसाठी

सायकल घेऊन महिना झाला की बहुतेकजणी विचारतात, "आता कुठे जाऊ?" उत्तरं साधारण ठरलेली असतात. "सिंहगड कर ना." "लोणावळ्याचा जुना रस्ता मस्त आहे." "कात्रजचा घाट एकदा तरी करायलाच हवा." सांगणारा बहुधा दहा वर्षं सायकल चालवणारा असतो, बहुधा पुरुष असतो, आणि त्याला रस्ता आठवतो तो तळ्याकाठचा, झाडांचा, उताराचा. तिथे पोचायला कोणता चौक ओलांडला हे त्याच्या लक्षातही नसतं.

मी रस्ता पारखते तो त्याच्या सर्वांत वाईट अर्ध्या किलोमीटरवरून. तो तुकडा तुम्हाला आज, आत्ता झेपणार असेल तर रस्ता तुमचा. नसेल, तर पुढचे वीस किलोमीटर कितीही देखणे असले तरी थोडं थांबा. खालची सगळी पद्धत याच एका गोष्टीभोवती आहे. उदाहरणं पुणे आणि पिंपरी-चिंचवडची आहेत, कारण तेच रस्ते मला पायाखालचे आहेत.

एक गृहीत धरते: तुम्हाला दोन्ही ब्रेक लावता येतात, गिअर बदलता येतो, एक हात सोडून हाताने इशारा देता येतो आणि मान मागे वळवून पाहताना सायकल वाकडी जात नाही. यातलं शेवटचं बऱ्याचजणींना जमत नसतं. मग आधी आठवडाभर सोसायटीच्या आवारात तेवढंच करा. मागे न पाहता येणारीसाठी सुरक्षित असा रस्ता पुण्यात नाही.

१. किलोमीटर नको, मिनिटं मोजा

नव्या स्वाराचा शहरातला वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर असतो. चाळीस मिनिटांत आठ-नऊ किलोमीटर होतात आणि पहिले काही आठवडे तेवढे भरपूर आहेत. "फक्त वीस किलोमीटर आहे गं" असं कोणी म्हणालं तर मनात दीड तास लिहा, परतीचा धरून तीन.

सुरुवातीच्या राइड्स घरापासून लांब नेऊ नका. घर मध्यभागी धरून फुलाच्या पाकळ्या काढतो तसं करा: एका दिशेला दोन-अडीच किलोमीटर जाऊन परत, मग दुसऱ्या दिशेला. चेन उतरली, पाऊस आला, पोटात दुखायला लागलं, मुलाचा फोन आला, तरी घर दहा-बारा मिनिटांवर असतं. शिवाय घराजवळच्या प्रत्येक चौकाचा स्वभाव कळतो. कुठला सिग्नल सकाळी बंद असतो, कुठल्या गल्लीतून दूधवाला न बघता बाहेर येतो, हे पुढे फार कामाला येतं.

वाढवायचं तर एका वेळी एकच. अंतर वाढवलंत तर चढ तोच ठेवा. चढ घेतलात तर गर्दी कमी असलेला घ्या.

२. नकाशावर रस्ता वाचा

गूगल मॅप्स मोटारीचा विचार करून रस्ता सुचवतं, म्हणजे हमखास मोठ्या रस्त्याने. दोन टोकं टाकून "दाखव" म्हणू नका. रस्ता बोटाने स्वतः आखा आणि चार गोष्टी पाहा.

चढ: एका किलोमीटरमध्ये दहा मीटर उंची वाढली तर तो एक टक्का चढ. दोन टक्क्यांपर्यंत गिअरच्या सायकलवर फार त्रास होत नाही. चार टक्क्यांना बोलणं बंद होतं. सिंहगडाचा घाट पायथ्यापासून सुमारे नऊ किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या आसपास वर नेतो. सरासरीच जवळजवळ सात टक्के झाली आणि मधली काही वळणं त्याहून उभी आहेत. स्ट्राव्हा किंवा कोमूट या ॲपवर रस्ता आखला की चढाचा आलेख दिसतो. एकूण चढाईच्या आकड्यापेक्षा त्यातला सर्वांत उभा तुकडा किती लांब आहे ते बघा.

डावी बाजू: सॅटेलाइट चित्रात रस्त्याच्या डाव्या हाताला किती तोंडं उघडतात ते मोजा. गल्ल्या, सोसायट्यांची फाटकं, मंगल कार्यालयं, दुकानांची पार्किंग. प्रत्येक तोंडातून कोणीतरी बाहेर येणार असतं आणि तो उजवीकडे, म्हणजे येणाऱ्या गाड्यांकडे बघत असला तरी सायकलचा वेग त्याला कळत नाही. लांबच लांब कंपाउंडची भिंत असलेला रस्ता दिसायला रुक्ष, पण नवशिकीला सोन्यासारखा.

कड: गूगलचं स्ट्रीट व्ह्यू २०२२ पासून पुण्यात आहे. त्यात साइडपट्टी आहे का, सिमेंटच्या रस्त्याची कड मातीपासून किती उंच आहे, चेंबरच्या जाळ्या चाकाच्या दिशेने आहेत की आडव्या, सगळं घरबसल्या दिसतं. चित्र कोणत्या महिन्याचं आहे तेही तिथेच लिहिलेलं असतं. ते वाचा, कारण पुण्यात दोन वर्षांत रस्त्याच्या जागी उड्डाणपूल उभा राहतो.

सायकल ट्रॅक: नकाशावर किंवा बातमीत ट्रॅक दिसला म्हणून भुलू नका. आपल्याकडचे बरेचसे ट्रॅक फूटपाथला चिकटून आहेत आणि त्यावर लावलेल्या दुचाकी, विजेचे डीपी बॉक्स आणि पाणीपुरीची गाडी असते. मधेच ट्रॅक संपतो आणि सहा इंच उंचीवरून उतरायला लागतं. पावसात त्या ब्लॉकवर चाक घसरतं ते वेगळंच. अशा ट्रॅकपेक्षा रस्त्याची डावी कड परवडली.

स्ट्राव्हाचा हीटमॅपही पाहा, कारण लोक खरोखर कुठून जातात ते त्यात कळतं. पण जाड रेघ म्हणजे सुरक्षित रस्ता असा अर्थ काढू नका. ती रेघ पहाटे साडेपाचला पंधराजणांच्या घोळक्यात ताशी ३० च्या वेगाने जाणाऱ्यांची असते.

३. प्रत्यक्ष पाहणी, आणि तीही त्याच वेळी

ॲक्टिव्हा काढा, नवऱ्याची किंवा मैत्रिणीची गाडी असेल तर मागे बसा, नाहीतर पीएमपीची बस घ्या. पण ज्या वारी आणि ज्या वेळी सायकलने जाणार त्याच वारी, त्याच वेळी जा. बुधवारी दुपारी पाहिलेला सिंहगड रोड रविवारी सकाळी नऊला ओळखू येत नाही. स्कूटर शक्य तिथे ताशी २० ने डावीकडून चालवा. मागचे किती हॉर्न वाजवतात यावरून सायकलवर काय होणार याचा अंदाज येतो.

पाहणीत उत्तरं हवीत ती अशी:

- सर्वांत वाईट अर्धा किलोमीटर कोणता? तो टाळता येतो का, उतरून चालत पार करता येतो का?
- परत फिरायचं ठरवलं तर कुठून फिरता येईल? मध्ये दुभाजक असेल तर पुढचा यू-टर्न किती लांब?
- उघडं दुकान, पेट्रोल पंप, चहाची टपरी यांच्यामधलं अंतर किती?
- कचरापेटी, चिकन-मटणाची दुकानं, बंद हॉटेलांची मागची बाजू कुठे येते? कुत्री तिथेच असतात.
- रंबलर (रस्त्यावरच्या आडव्या खडबडीत पट्ट्या) आणि गतिरोधक उताराच्या तळाशी आहेत का?

४. रस्त्याइतकीच वेळ निवडा

"पहाटे लवकर निघ, ट्रॅफिक नसतं" हा सल्ला अर्धाच खरा आहे. ट्रॅफिक नसतं तसं माणूसही नसतं, उजेडही नसतो, आणि रात्रभर गाडी चालवून आलेला ट्रकवाला त्याच वेळी शहरात शिरत असतो. पुण्यात मे-जूनमध्ये सूर्य सहाच्या आसपास उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे "सहाची राइड" उन्हाळ्यात उजेडात आणि थंडीत मिट्ट काळोखात होते. माझा नियम सोपा आहे: एकटी असेन तर सूर्योदयाआधी दहा मिनिटं घर सोडायचं, त्याआधी नाही.

आठवड्याच्या दिवशी पावणेसातपासून स्कूल बस आणि रिक्षा सुरू होतात. शाळांजवळचे रस्ते त्या वेळी सोडा. शनिवारी आणि रविवारी शहरातले रस्ते मोकळे असतात, पण खडकवासला, मुळशी, लोणावळा या बाजूंना गाड्यांची रांग लागते. म्हणून आठवड्याच्या शेवटी शहरात आणि सुट्टी मिळाल्यास मधल्या वारी बाहेर, असा उलटा क्रम ठेवा.

वारा बहुतेकजणी विसरतात. पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी पुण्यात वारा पश्चिमेकडून येतो. खडकवासल्याकडे जाताना तो तोंडावर असतो आणि येताना पाठीवर, म्हणजे दमल्यावर मदतीला. खराडी-वाघोलीकडे नेमकं उलट. जाताना वाटतं आपण फारच तयार झालोय, आणि परतीला तेच अंतर दुप्पट होतं.

आणखी काही तारखा पंचांगात बघाव्यात अशा. आषाढी वारीत आळंदी, देहू, दिवे घाट आणि सोलापूर रस्त्यावर वाहतूक वळवलेली असते. गणपतीत पेठांमध्ये मांडवांनी रस्ते अर्धे होतात. दिवाळीनंतर मार्चपर्यंत पूर्वेकडच्या रस्त्यांवर उसाच्या जोड-ट्रॉल्या असतात. त्यांना मागे दिवा असेलच असं नाही आणि सांडलेल्या उसावरून चाक घसरतं.

५. डावी वळणं जास्त, उजवी कमी

आपण डावीकडून चालतो. डावं वळण घेताना कोणाच्याही आडवं जावं लागत नाही. उजव्याला सगळा रस्ता ओलांडून मधे यावं लागतं, आणि नवशिकीचे जास्तीत जास्त घाबरायचे प्रसंग तिथेच येतात. म्हणून फेरी आखताना ती घड्याळाच्या उलट दिशेने आखा. सगळी मोठी वळणं आपोआप डावी होतात.

एक नमुना देते. खडकवासल्याची फेरी सिंहगड रोडने जाऊन एनडीए रस्त्याने परत केली तर धरणापाशी उजवीकडे वळावं लागतं. तीच वारजे-उत्तमनगरमार्गे जाऊन, धरणाखालच्या पुलावरून पलीकडे गेलं आणि सिंहगड रोडने घरी आलं, तर दोन्ही वळणं डावी. अंतर तेच.

उजवं वळण टाळता येतच नसेल तर चौक सरळ पार करा, पलीकडे उतरा, सायकल हातात धरून झेब्रावरून चाला. यात कमीपणा काही नाही. मी अजूनही नळ स्टॉपला आणि स्वारगेटला उतरते.

कडेपासून साधारण एक मीटर आत चालवा. अगदी गटाराला चिकटून चालवलं की मागचे लोक तेवढ्याच जागेतून घुसतात आणि चुकवायला तुमच्याकडे जागा उरत नाही. थांबलेल्या मोटारींच्या रांगेपासून दार उघडेल एवढं अंतर सोडा. पीएमपी बस स्टॉपला थांबली तर मागेच थांबा, तिच्या डावीकडून शिरायचं नाही.

६. पुण्यातले रस्ते, सोप्याकडून अवघडाकडे

विद्यापीठाचं आवार. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ४११ एकरांत झाडं, वळणं, हलके चढ-उतार सगळं आहे आणि गाड्या हळू असतात. गिअर शिकायला याहून चांगली जागा नाही. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठीचे प्रवेशाचे नियम बदलत राहतात, ते फाटकावर विचारून घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. सर्वांत वाईट अर्धा किलोमीटर आवाराच्या बाहेर आहे: विद्यापीठ चौक. तिथे चालत या, किंवा औंध-बाणेरच्या बाजूने राहत असाल तर तिकडचं फाटक उघडं आहे का पाहा.

प्रभात रोड आणि भांडारकर रोडच्या गल्ल्या. कोथरूड-डेक्कनच्या बाजूला राहणाऱ्यांना घराजवळ. सावली, सपाट रस्ता, दर शंभर पावलांवर माणूस. इथे धोका आहे तो बंगल्यातून उलटी बाहेर येणारी मोटार आणि सकाळी गाड्या धुणाऱ्यांनी केलेला ओला रस्ता. फर्ग्युसन रोड आणि जंगली महाराज रोड एकेरी आहेत. रविवारी सकाळी सातला तिथे मोकळेपणी चालवता येतं. साडेआठनंतर नाश्त्याला आलेल्यांच्या गाड्या दोन्हीकडे लागतात.

कॅम्प, रेसकोर्स, एम्प्रेस गार्डन. पूर्व भागातल्यांसाठी. रुंद रस्ते, जुनी झाडं, लष्करी शिस्तीमुळे बऱ्यापैकी सावकाश गाड्या. लष्कराच्या हद्दीत काही रस्ते मधेच बंद असतात. जवानाने परत जा म्हटलं की परत जायचं, आणि तिथे फोटो काढायचे नाहीत. भैरोबा नाल्याच्या चौकाकडे सोलापूर रस्त्याची सगळी वाहतूक येते, त्याच्या अलीकडेच वळा.

निगडी प्राधिकरण. आखीव सेक्टर, आतले रस्ते रुंद आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे, त्यामुळे हवी तेवढी डाव्या वळणांची फेरी जमते. सापळा एकच: आतून फिरता फिरता स्पाइन रोडवर बाहेर पडणं. भोसरी-मोशीकडे जाणारी जड वाहनं तिथून जातात.

पाषाण रोड. माझा सर्वांत लाडका, आणि दिसायला अगदी साधा. एनसीएल, आयआयटीएम, आयसर अशा संस्थांच्या लांब भिंती डाव्या-उजव्या हाताला आहेत, म्हणून मधे घुसणारी तोंडं कमी. चढ नावापुरता. पंचवटीपर्यंत जाऊन परत आलात तरी छान, पुढे सुतारवाडीपर्यंत गेलात तर बाजारपेठेची गर्दी हाताळायचा सराव होतो. चार-सहा वेळा इथे न घाबरता गेलात की खडकवासल्याकडे वळा.

खडकवासला. पुण्यातल्या प्रत्येकीची पहिली "लांबची" राइड. स्वारगेटपासून धरण सोळा-सतरा किलोमीटर, आणि अगदी शेवटचा छोटा तुकडा सोडला तर चढ जाणवत नाही. पण वाईट अर्धा किलोमीटर इथे अर्ध्या किलोमीटरचा राहत नाही. राजाराम पुलापासून धायरी फाट्यापर्यंत गर्दी, खोदकाम, बस, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकी, सगळं एकत्र आहे. पहिल्यांदा जाताना सायकल मोटारीच्या मागे बांधून नांदेड सिटीपर्यंत न्या आणि तिथून सुरू करा. कोणी हसलं तर हसू द्या. नांदेड सिटीपासून धरण आणि परत ही स्वतंत्र, छान राइड आहे. रविवारी साडेआठच्या आत परतीला लागा, नंतर चौपाटीवर कणसं खायला येणाऱ्यांची रांग समोरून येते आणि ओव्हरटेक करणारे तुमच्या बाजूला शिरतात.

धरणाच्या पुढे डोणज्याला डावीकडे सिंहगड आणि सरळ पानशेत. पानशेतचा रस्ता पाण्याकाठाने चढ-उताराचा आहे. दोन-तीनजणी असाल तर दोन महिन्यांनी जरूर जा.

कुडजे, आगळंबे, सांगरुण. एनडीएच्या पलीकडून बॅकवॉटरच्या काठाने जाणारा हा रस्ता पुण्यातला सर्वांत सुंदर म्हणतात आणि मीही म्हणते. गाड्या कमी. पण लांबलांब पट्ट्यांत दुकान नाही, फोनची रेंज येते-जाते. इथे अवघड काय तर एकटेपणा. पंक्चर स्वतः काढता आल्याशिवाय आणि सोबत कोणी असल्याशिवाय नको.

७. सध्या विसरून जायचे रस्ते

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदीच आहे, तो प्रश्नच नाही. कात्रज-देहूरोड बाह्यवळण, विशेषतः नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार, तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात वारंवार होतात. "सर्व्हिस रोडने जाऊ" असं कोणी म्हणेल. सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणारे निम्मे असतात. चांदणी चौकात २०२३ मध्ये नवीन रॅम्प झाल्यापासून मोटारवालेच गोंधळतात, ऐन वळणावर लेन बदलतात.

सोलापूर रस्ता, नगर रस्ता आणि नाशिक फाट्यापुढचा चाकणकडचा रस्ता सपाट आहेत म्हणून सोपे समजू नका. सपाट रस्त्यावर कंटेनर ताशी ८० ने जातो आणि त्याच्या वाऱ्यानेच सायकल हलते. बोपदेव, दिवे, कात्रज हे घाट चढायला अवघड आहेतच, पण नवशिकीला खरी भीती उताराची. ब्रेक सतत दाबून बोटं आखडतात आणि वळणावर खडी असते.

८. थांबे आधी ठरवा

बायकांच्या राइडमध्ये हे निम्मं काम आहे. टॉयलेट मिळणार नाही म्हणून पाणीच न पिता निघणाऱ्या कितीजणी मी पाहिल्यात, आणि मग अकराच्या उन्हात डोकं धरून बसलेल्याही. पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा फुकट द्यायची असते, पेट्रोल घेतलं नाही तरी. निर्धास्त विचारा. कुलूप असेल तर किल्ली ऑफिसात असते. सुरुवातीला दर अर्ध्या तासाच्या अंतरावर एक असा थांबा येईल असाच रस्ता घ्या. पाळीच्या दिवसांत तर नक्की.

पंपावर हवा भरताना थोडी थोडी भरायला सांगा. सायकलची ट्यूब छोटी असते, झटक्यात फुगते. किती दाब चालतो ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर पंपाचा किंवा पंक्चरवाल्याचा पाइप त्याला बसत नाही. त्यासाठी पितळी ॲडॉप्टर मिळतो, काही रुपयांचा आणि नखाएवढा. तो कायम व्हॉल्वजवळच लावून ठेवा.

९. कुत्री आणि माणसं

कुत्रं मागे लागलं की पाय जोरात मारायचा मोह होतो आणि त्यानेच ते आणखी धावतं. वेग कमी करा, जमलं तर थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा, मोठ्या आवाजात "हट्" म्हणा. चालत पुढे गेलं की त्याचा उत्साह मावळतो. चावलंच, अगदी ओरखडा असला तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा.

माणसांचं कसं करायचं? दुचाकीवरून बाजूला येऊन "मॅडम कुठपर्यंत?" विचारणारे बहुतेक नुसते कुतूहलाचे असतात. तरी खरं ठिकाण सांगू नका. "पुढे ग्रुप थांबलाय" एवढं पुरतं. दुसऱ्यांदा बाजूला आला तर पहिल्या उघड्या दुकानापाशी किंवा पंपावर थांबा, गाडीचा नंबर मोठ्याने वाचा, फोन लावा. आणीबाणीचा क्रमांक ११२, महिलांसाठीची पोलिस मदत १०९१. तक्रार कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते, "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

फोनमध्ये दोन गोष्टी आजच करा. व्हॉट्सॲपवर घरच्या एका माणसाला लाइव्ह लोकेशन द्यायची सवय लावा; एक तास किंवा आठ तास असे पर्याय असतात, आठ तासांचा निवडा. आणि स्ट्राव्हावर राइडची सुरुवात आणि शेवट लपवण्याची सोय चालू करा. नाहीतर तुमचं फाटक आणि रोजची वेळ दोन्ही अनोळखी माणसाला नकाशावर मिळते. उद्या कुठे जाणार ते स्टेटसला टाकायची घाई नको, आल्यावर फोटो टाका.

१०. सोबत काय

- हेल्मेट. भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखालचा पट्टा एक बोट जाईल एवढाच सैल. वेणी खाली घाला, अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही.
- मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा, दिवसाही चालू. घंटी.
- एक जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर काढायच्या पट्ट्या), छोटा पंप, ॲलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा) संच, हातमोजे किंवा जुनं फडकं.
- पाण्याची बाटली, चिक्की किंवा खजूर.
- आधार कार्डाची प्रत, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. फोन लॉक असला तरी चिठ्ठी वाचता येते.
- दोनशे रुपये रोख, कारण रेंज नसली की यूपीआय चालत नाही.
- सॅनिटरी पॅड, टिश्यू, छोटी प्लॅस्टिक पिशवी.
- सायकलचं बिल आणि फ्रेम नंबरचा फोटो फोनमध्ये. नंबर बहुधा पॅडल जिथे फ्रेमला जोडलेली असतात तिथे, फ्रेमच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. सायकल चोरीला गेली तर पोलिस तोच मागतात.

सायकलला लायसन्स किंवा नोंदणी लागत नाही, त्यामुळे कागदांचं ओझं एवढंच.

कपड्यांचं थोडक्यात. ओढणी नको, लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत. सलवार किंवा ट्रॅक पँट असेल तर उजव्या पायाला रबर बँड लावा, चेन त्याच बाजूला असते. पॅडिंगची शॉर्ट घेतलीत तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, नाहीतर शिवण घासून सोलवटतं. वरून सैल कुर्ती किंवा ट्रॅक पँट घातली तर काहीच बिघडत नाही.

११. एकटी, दुकटी की ग्रुप

पाकळ्यांच्या राइड्सना एकटी चालेल, उलट एकटीने जास्त शिकायला होतं. खडकवासल्यापासून पुढे किमान दोघी असाव्यात. जोडीदारीण तुमच्यापेक्षा थोडीच पुढे असलेली शोधा. फार तयार असलेली नकळत ओढत नेते आणि तुम्ही सिग्नलचा विचार सोडून तिच्या मागच्या चाकाकडे बघत राहता.

ग्रुपमध्ये शिरताना "एकूण किती किलोमीटर?" याऐवजी तीन प्रश्न विचारा. सर्वांत हळू असणारीचा वेग किती धरलाय? मधे परत फिरायचं असेल तर कुठून, आणि तिच्यासोबत कोण येतं? सर्वांत मागे कोण असतं? चांगल्या ग्रुपमध्ये शेवटच्या प्रश्नाला एक ठरलेलं नाव असतं, पंप आणि ट्यूब त्याच माणसाकडे असते आणि तो कोणाच्याही पुढे जात नाही. "अगं, सगळे एकत्रच असतात, काळजी नको" असं उत्तर आलं तर त्या रविवारी पाषाण रोडला जा.